आधी मॉनिटरचं ऐका

वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. तेव्हापासून चरईतल्या माझ्या टेबलावर जुनी डेस्कटॉप मशीनं जास्त यायला लागली आहेत. विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही, पण मशीन ठणठणीत असतं. मग घरातला कोणी भाचा-पुतण्या त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम (मिंट, उबुंटू हे तिचेच प्रकार), घालून देतो आणि आपल्या कामाला निघून जातो. मागे राहिलेल्यांची पत्रं माझ्याकडे येतात. या वेळी पाच पत्रं स्क्रीनच्या रिझोल्यूशनबद्दलचीच (चित्र किती आडव्या-उभ्या ठिपक्यांचं, त्याबद्दलची) आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : मी निवृत्त मुद्रितशोधक, नौपाड्यात राहतो. पुतण्याने जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट घालून दिलं, महिनाभर उत्तम चाललं. घराच्या रंगकामासाठी सगळं सोडवून ठेवलं, नंतर मीच पुन्हा जोडलं. तेव्हापासून सगळं आडवं फुगल्यासारखं दिसतं, गोल घड्याळ लंबगोल झालंय. सेटिंगमध्ये १०२४ × ७६८ च्या वर काही निवडताच येत नाही. मॉनिटर साडेएकवीस इंची, १९२० × १०८० चा आहे. पुतण्याने फोनवर लांबलचक कमांड सांगितल्या, त्याने नीट झालं. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर पुन्हा तेच. लिनक्स काढून टाकू का?

उत्तर : काका, लिनक्स काढू नका, आणि कमांडही तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे ‘मीच पुन्हा जोडलं’. महिनाभर बरोबर चाललेलं सॉफ्टवेअर रंगकामाने बिघडत नाही. जिथे हात लागला, तिथे आधी बघायचं.

मॉनिटर जोडला की तो कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सांगतो. कंपनी कुठली, कोणत्या साली बनलो, काच किती लांबरुंद, कुठली रिझोल्यूशन मला झेपतात, हे सगळं त्यात असतं. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा. तुम्ही मुद्रितशोधक, म्हणून तुमच्या मापात सांगते : युनिकोड मराठीतलं एकेक चिन्ह सहसा तीन बाइट घेतं, म्हणजे एवढ्या जागेत मराठीची ४२ चिन्हं बसतात, मात्रा-वेलांट्या धरून. छापील स्तंभाच्या दीड-दोन ओळी. पण तेवढ्या ओळी पोचल्या नाहीत तर समोर कोण आहे हे लिनक्सला कळत नाही. मग ते कुठल्याही जुन्या मॉनिटरला झेपेल असं सुरक्षित चित्र पाठवतं. ते म्हणजे तुमचं १०२४ × ७६८. हे माप चारास तीन या प्रमाणातलं आणि तुमची काच सोळास नऊ. चारास तीनचं चित्र तिच्यावर ताणून बसवलं की घड्याळ लंबगोल होणारच.

आता मेख अशी, की ओळख सांगणाऱ्या तारा आणि रंग नेणाऱ्या तारा केबलमध्ये वेगवेगळ्या असतात. म्हणून चित्र स्वच्छ दिसत असतं आणि ओळख मात्र पोचत नसते. चित्र दिसतंय म्हणजे केबल चांगली, असं सगळेच धरून चालतात. मीही चालले होते. तीन वर्षांपूर्वी जांभळी नाक्याजवळच्या एका ऑफिसात असंच मशीन होतं. मी संध्याकाळी साडेसहापासून कमांड टाइप करत बसले, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्डाला चालवणारं सॉफ्टवेअर) दोनदा काढून घातला, रात्री पावणेदहाला उपाशी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज शेजारच्या टेबलावरची केबल लावून पाहिली आणि मशीन चालू होताच स्क्रीन पूर्ण मापात उघडली. ती संध्याकाळ तुमची जाऊ नये म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

ओळख पोचते की नाही, हे बघायला एक सोपी खूण आहे. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा इंग्रजी अक्षरं स्मॉलमध्ये, जोडून टाइप करा, एंटर दाबा. याला एक्सरँडर म्हणतात. त्यातून काही बदलत नाही, फक्त माहिती दिसते, तेव्हा निर्धास्त करा. एका ओळीत ‘व्हीजीए-१ कनेक्टेड’ असं इंग्रजीत येईल आणि त्याच ओळीच्या शेवटी मिलिमीटरमधले दोन आकडे असतील. साडेएकवीस इंची मॉनिटरला ते ४७६ आणि २६८ च्या आसपास असायला हवेत. हवं तर फूटपट्टीने काच मोजा, साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर भरेल. मॉनिटरने स्वतः सांगितलेलं माप आहे ते. तिथे शून्य बाय शून्य दिसलं, तर मॉनिटरचा एक शब्दही कॉम्प्युटरपर्यंत पोचलेला नाही. तुमच्याकडे शून्यच असणार असा माझा अंदाज आहे.

मग मशीन बंद करा, निळी व्हीजीए केबल दोन्ही टोकांनी काढा, खिडकीशी उजेडात या. प्लगमध्ये पाच-पाचच्या तीन ओळींत पिना असतात. रुंद बाजू वर धरून प्लगच्या तोंडाकडे समोरून बघा. खालच्या ओळीत डावीकडून दुसरी ती १२ वी आणि उजव्या टोकाची ती १५ वी. ओळख या दोघींतूनच जाते. जागा न बघता प्लग दाबला की यांतली एखादी आडवी होऊन तळाशी झोपते, आणि लांबून बघितलं तर कळतही नाही. ती सरळ करायला जाड शिशाच्या क्लच पेन्सिलीचं रिकामं टोक वापरा : शिसं काढून टाकायचं, धातूचं तोंड पिनेवर चढवायचं आणि हलक्या हाताने उभं करत आणायचं. पक्कड नको. पक्कडीने पीन तुटते. मधल्या ओळीत डावीकडून चौथी पीन मुळातच नसेल तर घाबरू नका, ती ९ वी, बऱ्याच केबलींत नसतेच. आपल्याकडे पावसाळ्यात तळमजल्याच्या घरांत पिनांवर हिरवट थरही बसतो, तोही बघा. मऊ ब्रशवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं की निघतो.

पीन तुटलीच असेल तर नवी केबल घ्या, पण घेताना सांगा की सगळ्या तारांची हवी. काही हलक्या केबलींत या दोन तारा घातलेल्याच नसतात. कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोघांना एचडीएमआयचं तोंड असेल, तर मी म्हणेन व्हीजीएचा नाद सोडा.

राहिला पुतण्याच्या कमांडचा प्रश्न. त्याने चुकीचं काही सांगितलं नाही. एक्सरँडरने केलेला बदल तेवढ्या बैठकीपुरता असतो, मशीन बंद झालं की पुसला जातो. केबल बदलूनही शून्य बाय शून्यच राहिलं (जुन्या मॉनिटरची ओळख सांगणारी चिप कधी कधी मरते), तर मात्र तोच उपाय कायमचा करायचा. सी-व्ही-टी ही कमांड, मग जागा, उणे आर, मग १९२० आणि १०८०, अशी चालवा. आकडे इंग्रजी कळफलकावरचेच हवेत, देवनागरी आकडे चालत नाहीत. ‘मोडलाइन’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ मिळेल. पुतण्याला म्हणावं, तिच्यापासून न्यूमोड, ॲडमोड आणि आउटपुट या तीन कमांड बनव, एका फाइलीत ठेव आणि ती फाइल मिंटच्या ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये घाल. ‘उणे आर’ का, तेही सांगते. त्याशिवाय जी ओळ मिळते तिचा वेग १७३ मेगाहर्ट्झ असतो, उणे आर लावलं की १३८.५. तुमच्या व्हीजीएला दोन्ही चालतील. पण साध्या, सिंगल लिंक डीव्हीआयची (ही मॉनिटर जोडायची आणखी एक प्रकारची केबल) मर्यादा १६५ आहे. तिथे पहिली ओळ घातली की स्क्रीन काळी राहते आणि माणूस मॉनिटर गेला म्हणून हळहळतो.

प्रश्न : ताई, माझे बाबा ८१ वर्षांचे. नेरूळला आमच्याकडे असतात. सकाळचं वर्तमानपत्र कॉम्प्युटरवर वाचतात. अक्षर लहान दिसतं म्हणून मुलाने रिझोल्यूशन १२८० × ७२० करून दिलं. अक्षर मोठं झालं, पण बाबा म्हणतात डोळे दुखतात आणि शब्द चुकीचे वाचले जातात. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात चष्म्याचा नंबर बरोबर आहे.

उत्तर : बाबांचं म्हणणं खरं आहे, आणि चष्मा बदलायची घाई करू नका. हे पत्र वाचून मी थोडी अस्वस्थ झाले, कारण हीच चूक मी घरोघरी बघते. प्रेमाने केलेली असते आणि त्रास म्हाताऱ्या डोळ्यांना होतो.

१९२० × १०८० चा मॉनिटर म्हणजे काचेवर आडवे १९२० ठिपके पक्के बसवलेले. ते कमी होत नाहीत की सरकत नाहीत. त्याला १२८० चं चित्र दिलं, की चित्रातले दर दोन ठिपके काचेच्या तीन ठिपक्यांवर बसवावे लागतात. दोनाचे तीन सरळ होत नाहीत. मधल्या ठिपक्याला दोघांचा अर्धा-अर्धा रंग मिळतो, काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये करडा. फोटो असला तर कोणाला कळत नाही. पण आपली लिपी बघा. बारीक अक्षरात अनुस्वाराचा ठिपका जेमतेम एक-दोन पिक्सेलचा. तो पसरून करडा झाला की ‘अंश’ आणि ‘अश’ सारखेच दिसू लागतात. रफार शिरोरेषेला चिकटतो, ‘ध’ आणि ‘घ’ एकमेकांसारखे होतात. इंग्रजी वाचणाऱ्याचं एवढं अडत नाही, मराठी वाचणाऱ्याचं अडतं. बाबा वाक्याच्या अर्थावरून शब्द ओळखत वाचत असणार, आणि तासभर असं वाचलं की कोणाचेही डोळे दुखतील.

रिझोल्यूशन पुन्हा १९२० × १०८० करा. मॉनिटरचं मूळ माप कधीच सोडायचं नाही. अक्षर मोठं करायची जागा वेगळी आहे. मिंट असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘फॉन्ट सिलेक्शन’ उघडा, तिथे ‘टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर’ १.० असेल. तो १.३ करून बघा, बाबांना शेजारी बसवून. पुरत नसेल तर १.५. उबुंटू असेल तर ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘लार्ज टेक्स्ट’ चालू करा. वर्तमानपत्राचं पान ब्राउझरमध्येच वाचत असतील तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह एवढं त्यांना शिकवलं तरी भागेल. यात अक्षर काचेच्या खऱ्या ठिपक्यांवर नव्याने, मोठं काढलं जातं. आधीचं चित्र ताणलं जात नाही.

एक करा. बदल करायच्या आधी आणि नंतर त्यांना एकच मजकूर मोठ्याने वाचायला सांगा. कुठे अडखळतात ते तुम्हालाच ऐकू येईल.

प्रश्न : माझं वागळे इस्टेटमध्ये लेबल डिझाइनचं छोटं काम आहे. मशीनमध्ये एनव्हिडियाचं कार्ड. लिनक्स घालताना स्क्रीन काळी होत होती म्हणून ‘सेफ ग्राफिक्स’ निवडून इन्स्टॉल केलं. आता चालतं, पण १०२४ × ७६८ च, आणि खिडकी सरकवली तरी अडकत अडकत जाते. केबल नवीन एचडीएमआय आहे.

उत्तर : दादा, नौपाड्याच्या काकांचा आणि तुमचा आकडा एकच, आजार वेगळा. तुमचा मॉनिटर बोलतोय, पण ऐकायला ड्रायव्हरच जागेवर नाही. ‘सेफ ग्राफिक्स’ने (मिंटमध्ये त्याला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ म्हणतात) कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ‘नोमोडसेट’ हा शब्द दिला. म्हणजे ग्राफिक्स कार्डाला हात लावू नकोस. इन्स्टॉल करताना तो हवाच होता. पण तो शब्द कधी कधी इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममध्येही राहून जातो. एक्सरँडर चालवलंत तर एचडीएमआयच्या जागी ‘डीफॉल्ट’ किंवा ‘नन-१’ असं नाव दिसेल. ती याची पक्की खूण.

क्रम चुकवू नका. आधी ड्रायव्हर : मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’, उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’, त्यात ‘रेकमेंडेड’ लिहिलेला घ्या. सिक्युअर बूट (फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर चालू देणारी मशीनची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्ट करताना निळी स्क्रीन येते. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ही स्क्रीन काही सेकंदच थांबते. तुम्ही तेवढ्यात चहा आणायला गेलात तर ड्रायव्हर बसूनही चालणार नाही, आणि कारण कुठे दिसणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या एनव्हिडियाच्या तक्रारींत निम्म्या या एका स्क्रीनच्या असतात.

मग नोमोडसेट काढायचा, पण आधी एका वेळेपुरता. मशीन चालू होताना ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा, ‘ई’ दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतला तो शब्द खोडा, एफ १० दाबा. पूर्ण स्क्रीन आली तरच कायमचा काढा : ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे, तिच्यात ‘क्वाएट स्प्लॅश’च्या शेजारी तो बसलेला असेल. खोडून फाइल सेव्ह करा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. एका वेळेच्या चाचणीत स्क्रीन काळी राहिली, तर बटण दाबून बंद करा आणि पुन्हा चालू करा. आधीची स्थिती जशीच्या तशी परत येईल. म्हणूनच आधी चाचणी.

कार्ड फार जुनं असेल तर नवा ड्रायव्हर त्याला ओळखत नाही. कार्डाचं मॉडेल लिहून पाठवा, मग बोलू.

प्रश्न : खारघर. एक्सरँडरच्या सगळ्या कमांड बरोबर टाइप केल्या, तरी काही होत नाही. उबुंटू आहे.

उत्तर : कमांडच्या उत्तरात ‘एक्सवेलँड’ने सुरू होणारं नाव दिसतंय का? मग तुमचं डेस्कटॉप वेलँडवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, चालतंय. तिथे एक्सरँडरला नवं रिझोल्यूशन लावायचा अधिकारच नाही, त्याला फक्त पाहता येतं. लॉगिनच्या वेळी नावावर क्लिक केल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाकाचं चित्र येतं, तिथून ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ (झॉर्ग ही जुनी व्यवस्था) निवडा. उबुंटू २५.१० पासून ती सोय काढली आहे. तिथे ग्रबच्या फाइलीत, वरच्या उत्तरातल्या ‘क्वाएट स्प्लॅश’च्या ओळीत, व्हिडिओ, बरोबरचं (=) चिन्ह, आउटपुटचं नाव, विसर्गासारखे दोन ठिपके आणि मग रिझोल्यूशन असं लिहावं लागतं. त्यात एक खाच आहे : एक्सरँडर ज्याला एचडीएमआय-१ म्हणतो, त्याला कर्नल एचडीएमआय-ए-१ म्हणतो. मधला ‘ए’ विसरलात तर ओळ वाया.

पण हे सगळं करायच्या आधी केबल बघा.

प्रश्न : मी ऐरोलीला बारावीत आहे. मॉनिटर घेणं शक्य नाही म्हणून घरातला ३२ इंची टीव्ही एचडीएमआयने जोडला. खालची पट्टी अर्धी कापली जाते. खिडकी बंद करायची फुलीही दिसत नाही. लिनक्समध्ये कुठलंही रिझोल्यूशन निवडलं तरी तेच.

उत्तर : अरे, लिनक्समध्ये तुला काहीच करायचं नाहीये. टीव्हीचा रिमोट घे. जुन्या काचनळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीखाली लपवायची पद्धत होती. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. नळी गेली, सवय राहिली. रिमोटवरून पिक्चरच्या सेटिंगमध्ये स्क्रीनचा आकार किंवा ‘आस्पेक्ट रेशो’ शोध. एलजीला ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगला ‘स्क्रीन फिट’, सोनीला ‘फुल पिक्सेल’ अशी नावं असतात. ते निवडलंस की पट्टी आणि फुली दोन्ही जागेवर येतील. असं काही सापडलं नाही, तर इनपुटच्या यादीत एचडीएमआयचं नाव बदलून ‘पीसी’ करता येतं का बघ. काही टीव्ही तेवढ्यानेही ऐकतात.

तुझा टीव्ही ‘एचडी रेडी’ असेल तर आणखी एक गोष्ट दिसेल. अशा टीव्हीची काच बहुधा १३६६ × ७६८ ची असते, पण लिनक्सच्या यादीत १३६० × ७६८ किंवा १९२० × १०८० दिसतं, १३६६ नाही. तुला गणित आवडत असेल तर : ओळखपत्रातल्या ठराविक मापांच्या यादीत रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते. १३६० ला आठने भाग जातो, १३६६ ला जात नाही. १३६६ सविस्तर नोंदीत लिहावं लागतं, आणि काही टीव्ही ते लिहीतच नाहीत. १३६० निवड, डावी-उजवीकडे मिळून सहा ठिपके रिकामे राहतील, अक्षर नीट दिसेल. १९२० निवडलंस तर टीव्ही ते चेपून दाखवेल आणि अभ्यासाच्या पीडीएफमधले घातांक वाचता येणार नाहीत.

टीव्हीपासून निदान चार फूट लांब बस, आणि त्यासाठी अक्षर मोठं लागलं तर वर नेरूळच्या ताईंना सांगितलंय तसंच कर. टीव्हीचं मॉडेल त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतं. रिमोटमध्ये काहीच सापडलं नाही तर त्याचा फोटो पाठव.